किंग्स्टन: वार बघून ठरणारा नाच

शनिवार

जमैकाला जातोय म्हटलं की सगळे विचारतात, बीच कुठला? आम्ही बीचला गेलोच नाही. टोरांटोहून जाणारी बहुतेक मंडळी माँटेगो बेला उतरतात, तिथे रिसॉर्टात शिरतात आणि आठवड्याने भाजून परत येतात. आम्हाला किंग्स्टन बघायचं होतं कारण टोरांटोत एग्लिंटन वेस्टला, म्हणजे जमैकन वस्तीत, राहून इतकी वर्षं न्हाव्याच्या दुकानात, पॅटीच्या दुकानात, बसस्टॉपवर हेच रेगे म्युझिक कानावर पडतंय, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या जमैकन आजोबांनी एकदा बजावून सांगितलं होतं की तू हे जे हेडफोन लावून ऐकतोस ना ते ऐकणं नव्हे, ते बाहेर उभं राहून छातीवर घ्यायचं असतं.

तर फेब्रुवारी. हा तिकडे रेगे मंथ असतो, बॉब मार्लीचा वाढदिवस ६ तारखेला आणि डेनिस ब्राउनचा १ तारखेला, म्हणून सरकारनेच महिना लावून टाकलाय. विमानतळ समुद्रात घुसलेल्या एका लांबट जमिनीच्या पट्टीवर आहे, उतरल्यावर एका हाताला बंदर आणि समोर ब्ल्यू माउंटन्स. टॅक्सीत बसल्या बसल्या ड्रायव्हरकाकांना विचारलं की डान्स, म्हणजे उघड्यावरची रात्रीची गाण्यांची पार्टी, कुठे कुठे असतो. त्यांनी उलट विचारलं, कुठल्या वारी? तेव्हा कळलं की इथे पत्ता नंतर, वार आधी. रविवारी डोंगरावर डब क्लब, रे टाउनला जुनी गाणी, बुधवारी स्टोन लव्ह. बायको म्हणाली, "म्हणजे उपवासासारखं वारांचं कॅलेंडर करावं लागणार." केलं.

रात्री पॅन चिकन खाल्लं, म्हणजे तेलाचं पिंप आडवं कापून त्याची भट्टी केलेली असते त्यावर भाजलेलं, आणि झोपलो.

रविवार

दिवसा काहीच नाही केलं, चर्चमुळे सगळं बंद. मार्ली म्युझियमही रविवारी बंद असतं हे लक्षात ठेवा.

रात्री स्कायलाइन ड्राइव्हवर गेलो, जॅक्स हिलच्या अंगाला. रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद, वर पोचल्यावर खाली अख्खं किंग्स्टन दिव्यांनी पसरलेलं. डब क्लब म्हणजे क्लब नाही, एका घराचं अंगण आहे आणि त्यात माणसाच्या उंचीहून मोठे, हाताने बनवलेले स्पीकरचे खोके. स्टेज नाही. गायक नाही. एक सिलेक्टा रेकॉर्ड लावतो आणि लोक स्पीकरकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे आपण देवळात मूर्तीकडे बघतो तसे अगदी स्पीकरकडेच. आधी मला हसू आलं. मग पहिला बास लागला आणि शर्ट हलला.

तर हे साउंड सिस्टिम प्रकरण नीट सांगायला हवं कारण बाकी सगळं यातून निघालंय. १९५० च्या आसपास किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत रेडिओसुद्धा घरोघरी नव्हता आणि हॉटेलातल्या बँडचं तिकीट परवडायचं नाही. मग दुकानदार लोकांनी अँप्लिफायर आणि मोठे स्पीकर रस्त्यावर मांडून अमेरिकन रिदम अँड ब्ल्यूजच्या रेकॉर्ड वाजवायला सुरुवात केली, फायदा तिकिटापेक्षा बियर विकून. सुरुवातीच्या बड्या नावांत टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, तो चिनी वंशाचा हार्डवेअर दुकानदार होता, मग ड्यूक रीड, हा आधी पोलिसात होता आणि दारूचं दुकान चालवायचा, आणि कॉक्सन डॉड, जो अमेरिकेत उसाच्या शेतावर मजुरीला जाऊन येताना रेकॉर्ड घेऊन यायचा. यांच्यातली स्पर्धा अशी की रेकॉर्डवरचं लेबल खरवडून टाकायचे, म्हणजे दुसऱ्याला गाणं कुठलं ते कळू नये. कॉक्सनचं एक हुकमी गाणं होतं ज्याला तो स्वतःच्याच नावाने कॉक्सन हॉप म्हणायचा, मूळ विलिस जॅक्सनचं, ते शोधायला ड्यूक रीडने जंग जंग पछाडलं आणि सापडल्यावर कॉक्सन समोर असताना वाजवलं.

पुढे अमेरिकेत रॉक अँड रोल आलं, ते इथल्या लोकांना आवडेना, जुन्या धाटणीच्या नव्या रेकॉर्ड मिळेनात, तेव्हा या सिस्टिमवाल्यांनी ठरवलं की आपणच रेकॉर्ड करू. म्हणजे जमैकाचा रेकॉर्ड उद्योग कोणा कंपनीने नाही काढला, पुढच्या शनिवारी समोरच्यावर मात करायला काय वाजवायचं या गरजेतून निघाला. हे मला त्या अंगणात उभं राहून जितकं पटलं तितकं कुठे वाचून पटलं नव्हतं.

पहाटे खाली उतरलो.

सोमवार

डाउनटाउन. नॉर्थ परेड, तिथून ऑरेंज स्ट्रीट. एकेकाळी याला बीट स्ट्रीट म्हणायचे, दुकानाला दुकान लागून रेकॉर्डची दुकानं, प्रिन्स बस्टरचं इथेच होतं, डेनिस ब्राउन याच भागातला. आज बरीचशी पडझड आहे. नॉर्थ परेडला १७ नंबरला रँडीज होतं, खाली दुकान वर स्टुडिओ, व्हिन्सेंट चिन नावाच्या चिनी-जमैकन माणसाचं, ते कुटुंब पुढे न्यूयॉर्कला गेलं आणि १९७९ मध्ये व्हीपी रेकॉर्ड्स काढली जी आज रेगेतल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. पर्यटकांना दाखवायला इथे काही फारसं मांडून ठेवलेलं नाही, आणि मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. २०१५ मध्ये युनेस्कोने किंग्स्टनला संगीताचं शहर ठरवलं, २०१८ मध्ये रेगेला वारसा यादीत घातलं, आणि ज्या रस्त्यावर हे घडलं तिथे गटार तुंबलेलं.

पण १३५ ऑरेंज स्ट्रीटला रॉकर्स इंटरनॅशनल अजून चालू आहे. ऑगस्टस पाब्लोचं दुकान, म्हणजे तो मेलोडिका वाजवणारा, शाळेतल्या पोरांचं खेळणं वाटावं असं वाद्य घेऊन त्याने डबमध्ये, म्हणजे आवाज काढून मिक्सिंगने खेळवलेल्या रेगेत, कमाल केली. आत भिंतभर सात इंची रेकॉर्ड. एक बाजूला गाणं आणि मागच्या बाजूला व्हर्शन, म्हणजे तेच गाणं पण गायकाचा आवाज काढून टाकलेला. दुकानातल्या दादांनी एक लावून दाखवली आणि मला म्हणाले गा. मी काय गाणार, बायकोने ढकललं तेव्हा गुणगुणलो थोडं.

या व्हर्शनची कथा अशी सांगतात की १९६७-६८ च्या सुमारास रूडी रेडवूड नावाच्या स्पॅनिश टाउनच्या सिस्टिमवाल्याला ड्यूक रीडच्या स्टुडिओतून एक प्लेट, म्हणजे खास कापलेली रेकॉर्ड, मिळाली ज्यात इंजिनिअर गायकाचा आवाज घालायचा विसरला होता. त्याने तशीच वाजवली. लोकांना गाणं पाठ होतं, मोकळ्या जागेत लोकच गायला लागले. झालं, सगळ्यांना आवाज नसलेली गाणी हवी. आणि मोकळी जागा मिळाली की माइकवाला माणूस बोलणारच. यू-रॉय हा असा माइकवाला, १९७० मध्ये त्याने ड्यूक रीडच्या जुन्या रॉकस्टेडी (रेगेच्या आधीचा संथ प्रकार) गाण्यांवर बोलून रेकॉर्ड काढल्या आणि तीन गाणी एकदम यादीत पहिली, दुसरी, तिसरी. इथे रेकॉर्ड लावतो तो सिलेक्टा, आणि डीजे म्हणजे हा बोलणारा, हे डोक्यात ठेवा नाहीतर पुढे गोंधळ होतो.

किंग्स्टनमध्ये जन्मलेला एक मुलगा १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेला, क्लाइव्ह कॅम्पबेल नाव, पुढे डीजे कूल हर्क. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ब्राँक्समध्ये त्याने बहिणीसाठी जी पार्टी केली तिथून हिपहॉपचा जन्म मोजतात. मोठे स्पीकर आणि माइक ही सवय लहानपणी इथल्या गल्लीत लागलेली.

दुपारी बाँड स्ट्रीटवरून गाडीतूनच गेलो, ड्यूक रीडचं ट्रेझर आयल तिथे होतं, दारूच्या दुकानावर स्टुडिओ. रॉकस्टेडी हा प्रकार बराचसा तिथला. स्का म्हणजे १९६२ च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे, उड्या मारायचं म्युझिक, भरपूर ट्रंपेट-ट्रॉम्बोन. १९६६ ला ते हळू झालं. कोणी म्हणतं उन्हाळा भयंकर होता म्हणून, मला जास्त पटतं ते हे की ब्रासवाल्यांचा ताफा पोसणं महाग आणि इलेक्ट्रिक बास हाताशी आला, बास पुढे आला की बाकीच्यांना घाई करता येत नाही. मग १९६८ ला रेगे, टूट्स अँड द मेटल्सनी त्याच वर्षी ते नाव गाण्याच्या शीर्षकात घातलं.

मंगळवार

आज मार्ली. ५६ होप रोड, मोठं लाकडी घर. आत फोटो काढू देत नाहीत. ३ डिसेंबर १९७६ ला इथे बंदूकधारी घुसले, मार्लीला, बायको रिटाला आणि मॅनेजरला गोळ्या लागल्या, भिंतीवरच्या खुणा अजून दाखवतात. दोन दिवसांनी तो स्टेजवर उभा राहिला. त्या वेळी पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सियागा यांच्या पक्षांची गल्लीगल्लीत हत्यारबंद टोळकी होती, आणि १९७८ च्या एप्रिलमध्ये नॅशनल स्टेडियमच्या पीस कॉन्सर्टमध्ये मार्लीने दोघांना स्टेजवर बोलावून हात धरायला लावले तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यानंतर १९८० च्या निवडणुकीत शेकड्याने माणसं मेली, हे फोटोखाली कोणी लिहीत नाही.

म्युझियम छान आहे पण गुळगुळीत. मला ट्रेंच टाउन जास्त आवडलं. लोअर फर्स्ट स्ट्रीटवरचं कल्चर यार्ड, वस्तीतलेच लोक फिरवतात, एका अंगणाभोवती छोट्या खोल्या, सगळ्यांची चूल एक. व्हिन्सेंट फोर्ड इथे गरिबांसाठी सूपचं स्वयंपाकघर चालवायचा आणि मार्लीने आपल्या एका जगप्रसिद्ध गाण्याचं श्रेय त्याच्या नावावर टाकलं, म्हणजे रॉयल्टी त्याला जात राहील. जो हिग्स नावाचा गायक याच भागात पोरांना फुकट गाणं शिकवायचा, मार्लीचा वेलर्स हा गट त्याचाच शिष्य. आम्हाला फिरवणारा मुलगा म्हणाला की इथे शिकवणी होती म्हणून इतके गायक निघाले, पाण्यात काही नाही.

संध्याकाळी करी गोट आणि रोटी. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर करारावर आणले, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशकडचे, त्यांची ही देणगी, आणि गांजाही तेच घेऊन आले असं मानतात. रास्ता म्हणजे रास्ताफारी पंथाच्या लोकांना तो पवित्र आहे. बायकोला करी आवडली, मला मसाला सपक वाटला पण मटण शिजलं होतं झकास.

बुधवार

सकाळी साउथ कँप रोड. या एका रस्त्यावर अल्फा ही शाळा आहे आणि सबीना पार्क हे क्रिकेटचं मैदानही आहे, म्हणजे माझ्यासारख्या माणसाची चैन.

आधी अल्फा. १८८० पासूनची संस्था, कॅथलिक नन्स चालवायच्या, अनाथ आणि वाया गेलेल्या मुलांसाठी. तिथे बँड होता. सिस्टर मेरी इग्नेशियस नावाच्या नन २००३ मध्ये जाईपर्यंत इथेच होत्या, स्वतःचा रेकॉर्डचा मोठा संग्रह, मुलांना जाझ ऐकवायच्या, प्रसंगी स्वतः रेकॉर्ड लावायच्या. १९६४ मध्ये स्काटलाइट्स हा बँड निघाला त्यात टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग, चौघेही अल्फाचे. ड्रमंड हा ट्रॉम्बोनचा बादशहा, १९६५ च्या पहिल्या दिवशी त्याने आपल्या मैत्रिणीचा खून केला, ती मार्गरिटा, स्वतः गाजलेली नर्तकी होती, आणि तो १९६९ मध्ये मनोरुग्णालयातच वारला. लोक ड्रमंडच्या प्रतिभेवर तासभर बोलतात आणि मार्गरिटाचं नाव एका वाक्यात उरकतात, ते मला खटकलं. यलोमॅनसुद्धा काही काळ अल्फात होता, अल्बिनो म्हणून लहानपणी वाळीत टाकल्यासारखा, आणि १९८० च्या सुरुवातीला तोच डान्सहॉलचा, म्हणजे डीजेंच्या बोलण्यावर चालणाऱ्या नव्या प्रकाराचा, पहिला सुपरस्टार.

मग सबीना पार्क. इथे १९७१ च्या फेब्रुवारीत दिलीप सरदेसाईंनी २१२ काढल्या, मडगावचा माणूस. पहिला दिवस पावसाने गेला म्हणून फॉलोऑनचा फरक दीडशेवर आला होता, आणि वाडेकरांनी सोबर्सच्या वेस्ट इंडीजला पुन्हा बॅटिंगला पाठवलं. मी गेटवर वॉचमनला सरदेसाई सांगत बसलो, त्याने मला लॉरेन्स रो सांगितला, बायको सावलीत नारळपाणी पीत बसली.

दुपारी झोप काढली कारण रात्र मोठी होती. स्टोन लव्हची बुधवारची 'वेडी वेडी' (वेन्सडेवरून पडलेलं नाव), बर्लिंग्टन अव्हेन्यूला त्यांच्याच आवारात. विन्स्टन पॉवेल म्हणजे वी पाऊ यांनी १९७२ मध्ये काढलेली सिस्टिम. अकराला गेलो तर आठदहा लोक आणि सूपवाल्या बाई. जुनं सोल वाजत होतं, मधेच चक्क अमेरिकन कंट्री. साडेबाराला थोडे लोक. गर्दी दीडनंतर झाली आणि मग एकदम वीज लागल्यासारखं सगळं बदललं. व्हिडिओवाला प्रखर दिवा घेऊन फिरतो, त्या उजेडात यायला नाचणाऱ्यांची चढाओढ, गट करून एकसारखी स्टेप. या स्टेपना नावं असतात आणि त्यांचे निर्माते स्टार असतात, बोगल हा त्यातला सगळ्यात मोठा, २००५ च्या जानेवारीत त्याला गोळ्या घालून मारलं. गाणं आवडलं की लोक ओरडतात, हात बंदुकीसारखा वर, आणि सिलेक्टा गाणं तिथेच थांबवून सुरुवातीपासून परत लावतो. एक गाणं दहा सेकंदही पूर्ण वाजू न देता चार वेळा मागे नेलं. आमच्या शेजारी साठीच्या काकू नुसत्या खांदे हलवत होत्या पण काय हलवत होत्या!

आणि रिडिम कळला तो इथे. भजनी मंडळात चाल एकच असते आणि त्यावर अभंग बदलत जातात ना, तसंच. बास-ड्रमची एक चाल, तिला नाव, आणि तिच्यावर पाच गायकांची पाच गाणी लागोपाठ, सिलेक्टा जोड कळू देत नाही. कॉक्सनच्या स्टुडिओ वनची १९६७ ची रिअल रॉक अजून चालते. स्टॅलग ही १९७३ ची, त्यावर सिस्टर नॅन्सीने १९८२ मध्ये बॅम बॅम गायलं, ते जगभर वाजलं, आणि ती बाई पुढे न्यू जर्सीत बँकेत नोकरी करत होती, पैसे मिळायला तीस वर्षं आणि वकील लागले. मधेच टाळ्यांचा तो ठेका लागला जो मला कॉलेजपासून पाठ आहे, दिवाली रिडिम. स्टीव्हन मार्सडेन म्हणजे लेंकीने २००२ मध्ये केलेला, नाव खरंच दिवाळीचं, त्याच्यावरचं शॉन पॉलचं गेट बिझी २००३ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं. पुण्यात गॅदरिंगला आम्ही त्यावर नाचलो होतो तेव्हा कोणाला माहीत होतं.

मात्र सगळंच गोड नाही. मधे काही जुनी गाणी अशी लागली की समलिंगी लोकांना मारा म्हणणारी, आणि लोक सहज गात होते. बंदुकांची गाणी तर ढिगाने. ब्रॉडकास्टिंग कमिशनने २००९ मध्ये अश्लील गाण्यांवर आणि २०२२ मध्ये गुन्हेगारीची भलामण करणाऱ्या गाण्यांवर रेडिओ-टीव्हीसाठी बंदी घातली, पण रस्त्याला रेडिओ लागतच नाही. डान्सहॉलचा स्टार वाइब्झ कार्टेल खुनाच्या आरोपात २०११ पासून आत होता, जमैकाचं शेवटचं अपील जिथे चालतं त्या लंडनच्या प्रिव्ही काउन्सिलने २०२४ च्या मार्चमध्ये शिक्षा रद्द केली, जुलैअखेर सुटला आणि ३१ डिसेंबरला स्टेडियम भरवलं. त्या रात्री त्याची किती गाणी लागली मोजली नाहीत, पण बरीच. मला त्याची शब्दांवरची पकड मान्य आहे. बाकीचं मला पचलं नाही, आणि पचलंय असं दाखवायचंही नाही.

आवाजाचा कायदा १९९७ चा आहे, मध्यरात्रीनंतर, वीकेंडला दोननंतर बंद. खरी गर्दी त्यानंतरच होते. पोलिस येतात, आवाज खाली येतो, पोलिस जातात.

गुरुवार

उशिरा उठलो, कान वाजत होते. इअरप्लग न्या.

दुपारी ड्रायव्हरकाकांबरोबर वॉटरहाउस. एकटे जाऊ नका, ओळखीच्या माणसाबरोबर दिवसा. इथे ड्रोमिली अव्हेन्यूवर किंग टबीचं घर, ऑस्बर्न रडॉक, धंदा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा आणि रेडिओ दुरुस्तीचा. १९७२ च्या सुमारास त्याने डायनॅमिक साउंड्स स्टुडिओतून काढून टाकलेलं मिक्सिंगचं टेबल विकत घेतलं आणि घरच्या छोट्या खोलीत बसून दुसऱ्यांची गाणी उघडायला लागला. ड्रम ठेव, गिटार उडव, आवाजाचा एक तुकडा एकोत फेकून दे. वाद्याला हात न लावता संगीत केलं त्याने, आणि आज जगात रीमिक्स म्हणून जे काही चालतं त्याचा एक धागा या खोलीत येतो. १९८९ मध्ये घराबाहेर त्याला गोळी घातली, कोणी ते कधी कळलं नाही.

त्याच्याच हाताखालचा जॅमी याच वस्तीत. १९८५ मध्ये वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही कॅसिओ एमटी-४० नावाचा घरगुती कीबोर्ड घेऊन त्याच्याकडे आले, त्यातला एक तयार ठेका त्यांना सापडला होता. जॅमीने तो हळू केला, वर थोडं घातलं, आणि फेब्रुवारीत ब्लॅक स्कॉर्पिओ साउंडविरुद्धच्या सामन्यात वाजवला. स्लेंग टेंग. त्या रात्रीनंतर बँडच्या लोकांना कामं कमी झाली, कारण बास वाजवणारा माणूसच लागेना. शेकडो गाणी झाली त्यावर. आणि यातली मजेची गोष्ट, तो ठेका बनवणारी हिरोको ओकुदा ही कॅसिओत नुकतीच लागलेली जपानी मुलगी होती आणि तिचा कॉलेजचा प्रबंध रेगेवर होता! म्हणजे रेगे जपानला गेलं, प्लास्टिकच्या डब्यात बसून परत आलं, आणि आल्या आल्या घरातली सगळी भांडी बदलून टाकली.

ड्रायव्हरकाकांना हे विचारलं तर ते वैतागले. म्हणाले तिथेच सगळं बिघडलं, त्याआधी माणसं वाजवायची. त्यांच्या गाडीत फक्त ग्रेगरी आयझॅक्स आणि ॲल्टन एलिस, हे जुने गायक.

शुक्रवार

निघायचा दिवस. डेव्हन हाउसला आइस्क्रीम खाल्लं, रांग मोठी पण थांबा. रॉकर्समधून घेतलेल्या सात इंची रेकॉर्ड कपड्यांत गुंडाळल्या.

विमानतळाच्या वाटेवर काकांचा पुतण्या गाडी चालवत होता, त्याने नवं ट्रॅप डान्सहॉल लावलं, मोठ्या स्पीकरपेक्षा फोनवर ऐकायला केलेलं वाटतं, बास आहे पण पोटात जात नाही. मी तसं म्हटलं तर तो हसला, म्हणाला काका पण स्लेंग टेंगबद्दल हेच म्हणतात. गप्प बसलो. त्याने फोनवर एक बातमीही दाखवली, स्टीली अँड क्लीव्ही या जमैकन निर्माता जोडीच्या कंपनीने २०२१ मध्ये रेगेटॉनवाल्यांवर, म्हणजे स्पॅनिश नाचगाणी करणाऱ्यांवर, केस टाकलीय, की १९८९ च्या आमच्या फिश मार्केट या ठेक्यावर तुमचा अख्खा धंदा उभा आहे. मला प्रश्न पडला की जिथे चाळीस वर्षं सगळ्यांनी सगळ्यांचे रिडिम वापरले तिथे ठेक्याची मालकी कोर्ट मोजणार कशी. त्याचं म्हणणं सरळ होतं, आपापसात वाटून खाणं वेगळं, बाहेरचा अब्जावधी कमावतो तेव्हा हिशोब वेगळा. मला पटलं.

कोणाला जायचं असेल तर रविवारी पोचून गुरुवारी निघालात तरी मुख्य दोन्ही डान्स होतात. दुपारी झोपायची सवय लावा, रोख जमैकन डॉलर जवळ ठेवा, अमेरिकन डॉलरला साधारण दीडशेच्या वर मिळतात. रूट टॅक्सी, म्हणजे ठरलेल्या मार्गावरची शेअर टॅक्सी, लाल नंबरप्लेटचीच पकडा. आणि इतक्या लांब जमणार नसेल तर गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश भरायला लागला, तिथे साउंड सिस्टिम असते, त्याच्या तारखा बघा.